चटईखालच्या पावत्या

आमच्या गल्लीतला तोकुझो कुराता तातामी बनवतो, म्हणजे घरभर अंथरायच्या लव्हाळ्याच्या जाड चटया. हात कसबी, पण कागदाशी हाडवैर. वर्षभराच्या पावत्या तो जुन्या वर्तमानपत्रात बांधून कुठंतरी टाकतो आणि मार्चमध्ये त्याची बायको फुमिए त्यावरून करासाठी वही भरते. मुदत पंधरा मार्चची. पावत्या नसल्या तर खर्च दाखवायचा कशावरून? सगळ्या कमाईवर कर भरायचा तर गाडी विकावी लागली असती.

यंदा बारा तारखेला पुडकं सापडेना.

"शेवटचं कुठं पाहिलंत?" फुमिएने विचारलं.

"डिसेंबरात आशिहाराबाईंकडे चटया बसवल्या," तोकुझो चाचरत म्हणाला. "ओल लागू नये म्हणून खाली वर्तमानपत्रं घालतो ना मी."

"मग?"

"तेही घातलं वाटतं."

फुमिएने त्याची टोपी आणून त्याच्या डोक्यावर चढवली आणि दार उघडलं.

त्याची कंबर धरलेली, चटई एकट्याने उचलवत नाही, म्हणून मला जुंपलं. या माणसापायी मला माझं दारूचं दुकान भर दुपारी बंद करावं लागतं, आणि गुत्त्यावर बसलेली गिऱ्हाइकं शिव्या मला घालतात.

आशिहाराबाई चहाविधी शिकवतात. सत्तरी उलटली, पाठीचा कणा अजून ताठ.

"कोपरा पहिल्या दिवसापासून वर आलाय," त्या म्हणाल्या. "तीन महिने माझे पाहुणे कलंडताहेत. आज आठवण झाली?"

"लाकूड फुगलं असेल, बाई," तोकुझोने थाप मारली.

आम्ही चटई उचलली. पुडकं तिथंच होतं. तोकुझोने झडप घातली, दोरी तुटली आणि पावत्या थेट बाईंच्या गुडघ्यापाशी पसरल्या. बाईंनी चष्मा लावून एक उचलली.

"चिनी लव्हाळा, साडेचार चटयांपुरता," त्यांनी सावकाश वाचलं. "मी पैसे आपल्याकडच्या कुमामोतोच्या महागड्या लव्हाळ्याचे दिले होते."

तोकुझोचे कान लाल झाले. मला त्याची कीव आली आणि हसूही.

"हो, बाई."

"बसा. मी चहा करते, तोवर फरक किती ते आठवा."

इतका कडू चहा मी जन्मात प्यायलो नाही. तोकुझोने पाकीट काढून चाळीस हजार येन मोजून ठेवले, वाकून माफी मागितली, पण उठेना. चाळीस वर्षांत कुणाकडे कागद न मागितलेला हा गडी घसा खाकरून म्हणाला,

"बाई, याची पावती मिळेल का?"

बाईंनी कुंचल्याने सुरेख अक्षरात लिहून दिलं, 'लबाडीचे पैसे परत मिळाले', आणि खाली शिक्का मारला. हा खर्च कुठल्या रकान्यात घालायचा, ते फुमिए अजून ज्याला त्याला विचारते आहे.