नवापुरात वाचवलेली कोरी फीत

नवापुरात हल्ली असे सांगितले जाते की, कारखान्याची फीत माझ्या तावडीतून एका धाकट्या भावाने वाचवली. सांगणारा तो धाकटा भाऊच असल्यामुळे दुसरी बाजू लिहून ठेवणे मला भाग आहे.

त्याचा थोरला भाऊ बोईसरच्या एका रंगांच्या कारखान्यात, भुकटी दळण्याच्या विभागात राबला. आता अंगण ओलांडले तरी त्याला धाप लागते. कारखाना बंद पडलेला; भरपाई मागितली तर मालकांचे म्हणणे, हा गडी त्या विभागात नव्हताच, फाटकावर होता. हजेरीची नोंद उरली होती ती भंगारात गेलेल्या एका चुंबकीय फितीच्या कार्ट्रिजमध्ये. धाकट्याने ती हुडकून सालवडला माझ्याकडे आणली, कारण त्याच कारखान्याच्या संगणक खोलीत माझी नोकरी झाली आणि ती फीत वाचणारे जुने यंत्र मी अजून चालते ठेवले आहे.

कार्ट्रिजमधला, फीत फिरवणारा लवचिक पट्टा वितळून फितीला चिकटला होता. नुसती फिरवली असती तर फितीवरचा लेप खरवडला जाऊन नोंदी गेल्या असत्या. पट्टा सोडवून नवा बसवायचा आणि मग वाचनाची एकच संधी.

काम चालू असताना कारखान्याच्या एका माजी अधिकाऱ्याचा फोन आला. नोकरीत असताना ज्याने कधी विचारपूस केली नाही, त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि शेवटी म्हणाला, ती फीत तुमच्याकडे आहे म्हणे. मी त्याच दिवशी एका कोऱ्या कार्ट्रिजला तसेच लेबल डकवून ते टेबलावर ठेवले. खरे कार्ट्रिज पत्नीच्या शिवणाच्या डब्यात गेले.

काही दिवसांनी टेबल रिकामे दिसले. त्या अधिकाऱ्याचाच हात, याविषयी मला शंका उरली नाही. मी धाकट्याला फोन करून चोरी झाल्याचे सांगितले. तो शांत होता.

"ती माज्याकडं हाय, काका. तुमी पडलं सायबांचं मानूस. तुमच्यावर इस्वास कसा ठेवू?"

"मग जपून ठेव," मी म्हणालो. "ती कोरी आहे."



त्याच्या संशयाला मी दोष देत नाही. संगणक खोलीतले आम्ही अधिकाऱ्यांच्या पंगतीला जेवत होतो, हे खरे आहे. मी उगाच सर्वांवर संशय घेतो, असेही तो सांगतो. त्यावर माझे उत्तर एवढेच की, ज्याला संशय येत नाही त्याने दुसऱ्याच्या नोंदींना हात लावू नये. परंतु त्याने फीत 'वाचवली', हे साफ खोटे आहे.

वाचनाच्या दिवशी दोघे भाऊ आले. फितीचा सुरुवातीचा भाग गेला. ते मी तेव्हाही लपवले नाही. पुढे मात्र थोरल्याचे नाव आले आणि त्यासमोर दळण विभाग. धाकट्याने छापलेला कागद यंत्रातून बाहेर पडता पडताच ओढून घेतला. आणखी एक प्रत आपल्या देखत पेनड्राइव्हवर करून मागितली. मी दिली. मग त्याने मूळ कार्ट्रिज मागितले. ते माझ्याकडेच सुरक्षित राहील, असे मी ठणकावून सांगितले, आणि आमची जुंपली.

"दोगंबी गप बसा," थोरला दम घेत घेत म्हणाला. "माजी हजेरी हाय ती."

त्याने हात पुढे केला. आम्हां दोघांपैकी कोणाकडेही न बघता त्याने कार्ट्रिज घेतले, मांडीवर ठेवले आणि रिक्षा येईपर्यंत त्यावरचा हात काढला नाही.