बावीस नंबरची मुळी

जर्मनीत मार्क हे चलन जाऊन नुकताच युरो आला होता. डार्मश्टाटच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारी काम करणारा तो दक्षिण आफ्रिकन माणूस कधी निवांत बसलेला मला आठवत नाही. मशीन सुरू झालं की मशीनपासून खिडकीपर्यंत याच्या येरझाऱ्या सुरू. त्याच्या गावाकडच्या वैदूंनी दिलेली मुळं आणि साली आम्ही तपासत होतो. मानसिक आजारावरची औषधं मेंदूत जिथे चिकटतात, तिथे यांचा अर्क चिकटतो का, एवढंच बघायचं होतं. पुड्यांवर मी नंबर घातले होते, पण तो कधी नंबर म्हणायचा नाही. "आल्झो," म्हणजे जर्मनमध्ये 'तर मग', "आवाज ऐकू येणाऱ्यांची साल झाली का?" असं विचारायचा. माझं डोकं फिरायचं. अशानं एक दिवस पुड्यांची अदलाबदल होईल, असं मी त्याला सुनावलंही होतं.

बावीस नंबरच्या मुळीला तो 'सकाळी अंथरुणातून न उठणाऱ्यांची' म्हणायचा. तिचा निकाल शून्य आला. त्यानं मला तीनदा पुन्हा करायला लावलं. तिन्ही वेळा शून्य. मग माझ्या हातातलं पेन घेऊन त्यानं स्वतःच वहीत लिहिलं.

"बावीस, शून्य," तो म्हणाला. त्याच्या तोंडून नंबर मी पहिल्यांदाच ऐकला.

"माझी आई हीच मुळी उकळून पिते," तो पुढे म्हणाला. " सहा वर्षं झाली, रोज उठते."

"मग आता तिला सांगणार?" मी विचारलं.

तो खिडकीकडे निघालाच होता.

"नाही. तिला उद्याही उठायचंय."