संध्याकाळच्या एसटीसाठी धरणं

बंद झालेली संध्याकाळची एसटी परत मिळावी म्हणून आम्ही गावकरी रत्नागिरीत कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरून बसलो होतो. परवानगी रीतसर होती, पोलिसांनी बांधलेल्या दोरीच्या आत आम्ही शिस्तीत होतो. आता गावाकडे शेवटची गाडी दुपारचीच. ती सुटायची वेळ झाली, तरी पुढाऱ्यांचं भाषण स्वातंत्र्यलढ्यातच होतं.

"काकी, म्हशीची धार कोण काढणार?" मी शेजारणीला विचारलं.

"कोण नाय. पण उठलो तर सायेब म्हणतील, माणसंच नव्हती."

हवालदार म्हणाला, "मावशी, जायचं तर जा. अडवलंय कोणी?"

अडवलं कोणीच नव्हतं, म्हणून तर उठता येईना. गाडी समोरून गेली तेव्हा सवयीने काकींचा हात वर गेला. पुढाऱ्यांना तो पाठिंबा वाटला. त्यांनी आवाज आणखी चढवला.