एक मावते

फळीवर तीन थापा मारायच्या, पागोटं थोडं मागे सरकवायचं आणि म्हणायचं, "सरका जी जरासे, एक मावते." चौघांच्या दमणीत सहाजण आधीच बसलेले असोत, सातव्याचं गाठोडं सातव्याहून मोठं असो, एक मावायचाच. बडनेऱ्यात त्याचं खरं नाव कोणी घेत नसे. सगळे त्याला 'एकमावते' म्हणत, जणू ते त्याचं आडनावच होतं.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. लोक त्याला आधी हसतात, मग त्याचंच पाहून तसंच करतात, आणि पुढे सांगतात की हे आम्हाला पहिल्यापासून सुचलं होतं.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापार कुठेतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडकला होता आणि विलायतेच्या गिरण्यांना एकदम वऱ्हाडची आठवण झाली होती. आमच्याकडे बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. काल ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती, तो आज दलाल होऊन रेशमी उपरणं मिरवू लागला आणि लोक त्याला उठून रामराम करू लागले. गाडी म्हटली की तिच्यावर कापूस. माणसाला गाडी मिळेना. आजारी, माहेरवाशिणी, म्हातारेकोतारे, सगळे पायी. मीही पायीच. मी अमरावतीच्या सरकारी शाळेत मास्तर होतो आणि घर बडनेऱ्याला. दर सोमवारी पहाटे तीन कोस तुडवत जायचो, शनिवारी तुडवत परत यायचो.

अशात या गड्याने दमणी काढली. दमणी म्हणजे माणसांची हलकी गाडी. बडनेरा ते अमरावती, माणशी एक आणा. जवळच्या एका गावच्या पाटलाचा हा धाकटा मुलगा. घरची काळीभोर जमीन, गोठ्यात तीन जोड्या. कापसाचं भाडं दुप्पट झालेलं असताना यानं माणसं भरली!

मी त्याला म्हटलं, "अरे, वेडबिड लागलं का तुला?"

"मास्तर, कापूस आज हाय, उद्या नाई. मानूस तं रोजच कुठी ना कुठी जाऊन राह्यला."

लोकांना हे पटेना. वाटसरूला गाडीत घेणं हे आपल्याकडे पुण्याचं काम, आणि हा पुण्याचा आणा घेतो! "जागा विकते लेकाचा. उद्या झाडाची सावली विकन," असं म्हणून लोक हसत. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण मला तर दिवसातून तीनदा ऐकवली जाई, कारण तिसरी पायरी माझी. याने म्हणे चौथी शोधून काढली होती. कापूस भिजवून वजन वाढवणारा दलाल मोठा माणूस ठरला, आणि म्हातारीला कचेरीच्या दारात सुखरूप उतरवणारा ठरला भाडोत्री. खोटं कशाला बोलू, मीही हसणाऱ्यांतलाच होतो. फरक एवढाच की मी गाडीत बसून हसत असे.

आणि तेही फुकट! पहिल्याच सोमवारी मी कनवटीला हात घातला, तर त्याने तो धरला. "तुमी लेकराईले शिकवता. तुमच्यापासून कायचं भाडं?" मी एकदाच नाही म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

त्याच गाडीत एक पेरूवाली बागवान म्हातारी असायची. पूर्वी ती रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन उभी राही आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला हात जोडी. दहा गाड्यांतली एखादी थांबे, तीही उपकार केल्यासारखी. आता ती आणा हातावर ठेवून चढे, ऐसपैस मांडी घाली आणि समोरच्या शास्त्रीबुवांना सांगे, "पाय जरा उधर लो, महाराज." शास्त्रीबुवा सोवळ्याची घडी छातीशी धरून अंग चोरत, पण पाय उधर घेत. पायी जाण्यापेक्षा ते बरं.

हे पाहून तो मला म्हणाला होता, "फुकट बसनारा मानूस हात जोडून बसते, मास्तर. आना देनारा मांडी घालून बसते."

मी फुकट बसत होतो आणि मांडीही घालत होतो. तो ते पाहत असणारच. बोलला कधी नाही.

लोकांच्या हसण्याचं त्याला काही वाटत नसे. त्याला लागलं होतं एकच. त्याच्या बापाने चावडीवर सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "पाटलाच्या घरचा बैल भाड्यानं जुपते तो माहा पोरगा नोहे. त्याच्या गाडीत मी पाय ठेवनार नाई." तेव्हापासून हा बायको-मुलाला घेऊन बडनेऱ्यात झोपडी घालून राहत होता. बाप दर रविवारी बडनेऱ्याच्या बाजाराला येई, पण मुलाच्या अड्ड्यावरून जाताना मान वळवून जाई.

दर सोमवारी, गाडी गावाबाहेर पडली की, हा पाठ न वळवता विचारायचा, "मास्तर, काल आमचा बुढा दिसला का बजारात?"

"दिसला."

"काई बोलला?"

"नाही रे."

"बरं." मग बराच वेळ तो बैलांशीच बोलत राही.

पुढे ती परदेशातली लढाई थांबली. कापसाचा भाव जो कोसळला तो कोसळलाच. रेशमी उपरणी दिसेनाशी झाली, शेंब्या सोनाराकडे परत गेल्या आणि कापसाच्या गाड्या दारोदारी रिकाम्या उभ्या राहिल्या. बडनेऱ्याला रेल्वे मात्र आली होती आणि ठेसनावर उतरलेली माणसं अमरावतीला जायला गाडी शोधत होती. मग काय, सावली विकण्याचा विनोद करणारे एकेक करून आपापल्या गाड्या घेऊन अड्ड्यावर आले. गाड्या कोणी कधी सोडायच्या ते हाच ठरवी. म्हणून त्याच्या गावचे चार प्रतिष्ठित त्याच्या बापाकडे गेले आणि म्हणाले, "पाटील, तुमच्या पोराले जरा सांगा. आमच्याई गाडीले एखांदी फेरी देवाव त्यानं."

ज्याला चावडीवर नाकारलं, त्याच्याकडे त्याच चावडीची शिफारस!

त्यानंतरच्या सोमवारी मी गाडीत होतो. पांढरं पागोटं, हातात काठी, असा म्हातारा अड्ड्यावर चालत आला. गोठ्यात त्याच्या उरलेल्या दोन जोड्या उभ्या होत्या, तरी तो पायी आला होता. हा फळीवर थापा मारत होता. दोन मारल्या, तिसरीचा हात वरच राहिला.

म्हातारा म्हणाला, "काय, मावते का एक?"

"बाबा... सारी गाडीच तुमची हाय."

"मले गाडी नोको. जागा पायजे. किती भाडं?"

"तुमच्यापासून कायचं भाडं, बाबा?"

"फुकट काहून बसू? भाड्याची गाडी हाय ना?"

असं म्हणून म्हाताऱ्याने आणा पुढे केला. तो बराच वेळ तसाच पुढे राहिला. शेवटी याने दोन्ही हातांची ओंजळ करून तो घेतला, कपाळाला लावला आणि धोतराच्या सोग्यात बांधला. म्हातारा चढला आणि पेरूवालीशेजारी मांडी घालून बसला. त्या दिवशी बैलांशीही कोणी बोललं नाही. माझा हात कनवटीकडे गेला होता. पण आत्ता दिला तर दिखाऊ वाटेल, असं मनाशी म्हणून मी तो परत घेतला. लाज लपवायला माणसाला कारण लगेच सापडतं.

दुपारपर्यंत गावभर झालं : सख्ख्या बापाकडून आणा घेतला! कलियुग, दुसरं काय! मी शाळेत दोघातिघांना समजावू पाहिलं की अरे, बापाने मुलाला कमी दिलं नाही, त्या आण्यात सगळंच दिलं. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. त्यानंतर मात्र त्याने बाजाराची चौकशी माझ्याकडे कधी केली नाही. गरज उरली नव्हती.

मग अमरावतीपर्यंतही रूळ आले. त्याच आठवड्यात तो शाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "येतो, मास्तर. मूर्तिजापूरले चाललो. दर्यापूरकडच्या चिखलात रेल्वे येत नाई म्हनते. तिकडं आपल्याले जागा हाय. या कदी." त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती. मीच वर्गात जाऊन फळा उगाच दोनदा पुसला.

मी 'या कदी'ला बरीच वर्षं गेलो नाही. शेवटी दर्यापूरच्या शाळेची परीक्षा घ्यायचं काम निघालं तेव्हा मूर्तिजापूरला उतरलो. ठेसनाबाहेर दमण्यांची रांग होती. एका मिशाळ गाडीवानाने फळीवर तीन थापा मारल्या, पागोटं मागे सरकवलं, आणि मला पुढचं ऐकायची गरजच राहिली नाही.

"बडनेऱ्याचे का रे तुम्ही?"

"हो जी. तुमी मास्तर तं नोहे?"

"वडील कुठे आहेत?"

तो जुवाकडे पाहत म्हणाला, "दोन वर्सं झाले त्याईले जाऊन." जुवाच्या मधोमध लाल कापडाची एक लहानशी पुरचुंडी बांधलेली होती. मी तिच्याकडे पाहतो आहे हे बघून तो म्हणाला, "आज्याचं भाडं हाय. गाडी बदलली का हे नव्या गाडीले बांधाचं, असं सांगून गेले."

मला रडू आलं. भर ठेसनावर, परीक्षा घ्यायला निघालेल्या मास्तराला.

चढण्याआधी मी कनवटीचे पैसे काढले. त्याने माझा हात धरला, अगदी बापासारखा. "काय मास्तर! तुमच्यापासून कायचं भाडं?"

"फुकट का बसू?" मी म्हटलं. "भाड्याची गाडी आहे ना?"

त्याने ओंजळ पुढे केली.

मी वर चढलो आणि मांडी घालून बसलो. गाडी सुटणार इतक्यात एक बाई डोक्यावर बोचकं घेऊन धावत आली. फळीवर तीन थापा पडल्या.

"सरका जी मास्तर, एक मावते."

मी सरकलो.