दुसऱ्या हाकेची वाट

मंडळी, पाय सुजलाय, पण हे आजच सांगायला हवं.

संध्याकाळी कर्नाळ्याच्या रानातून एकटाच उतरत होतो. पावसात घसरलो तो थेट ओढ्यात. वर वाडीच्या वाटेवर कंदील दिसला. जिवाच्या आकांताने हाक मारली. कंदील थांबला, पण खाली येईना.

पाणी चढत होतं. कशीबशी दुसरी हाक मारली, तेव्हा कुठे एक बाई आणि तिचा दीर धावत आले.

"आधीच का नाही आलात?" मी खेकसलो.

"तिन्हीसांजेला एका हाकेला ओ देत नाय. भूत एकदाच हाक मारतं," दीर म्हणाला.

मला उठवताना ती म्हणाली, "गेल्या पावसात माज्या धन्यानं हितूनच हाक मारली. आमी दुसरीची वाट बघत बसलो."

माझ्या आईनेही मला हेच शिकवलंय. तुमच्या?