राणीनं कुणापुढं वाकायचं?

आफ्रिकेबद्दल मला जेवढं ठाऊक आहे, तेवढ्यात एक पोस्टकार्डसुद्धा भरणार नाही. तरी सोलापुरातल्या आमच्या हौशी मंडळासाठी मी एका आफ्रिकी राज्याचं नाटक लिहिलं, वर बसवलंही. गोष्ट साधी. गादीवर राणी, पण खरी सत्ता मुखवटे घालून बंद दाराआड बसणाऱ्या एका गुप्त सभेची. बाईला तिथं मज्जाव. राणी हट्टानं आत शिरते, प्रमुखाच्या पाया पडून सभासद होते आणि मग एकेकाचा मुखवटा उतरवते. प्रमुख मी. राणी आमच्या थोरल्या वहिनी.

वहिनी सांगोल्याकडच्या. एकदा तरी स्टेजवर उभं राहायचं, ही त्यांची लग्नाआधीपासूनची हौस. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, परवानगी दिली ती अशी : "एकच प्रयोग. हसं झालं तर पुन्हा घरात नाटकाचं नाव नको."

तालमीत वहिनींनी मला धरलं. "भावजी, राणी हाय न्हवं मी? मग तुमच्या पाया का पडायचं?"

"सभासद व्हायचंय ना तिला."

"म्हंजी राणीला बी अर्ज करावा लागतोय? लई अवघड राज्य हाय की!"

त्यांचे गुडघे दुखायचे. म्हणून तालमीत त्या नुसतं "हितं पाया पडले" म्हणायच्या आणि पुढचं वाक्य घ्यायच्या. मी चालवून घेतलं. माझ्या दिग्दर्शनाची झेप एवढीच.

प्रयोगाला दादा दुसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून. आम्ही सातजण वहिनींच्या माहेरच्या घोंगड्यांत खाजवत उभे. माझ्या मुखवट्याची भोकं मीच पाडलेली, त्यामुळं मला एकाच डोळ्यानं दिसत होतं. वहिनी ताठ मानेनं आल्या, "मला आत घ्या" म्हणाल्या आणि खरोखरच माझ्या पायाशी वाकल्या.

आता थोरली वहिनी म्हणजे आईच्या जागी. तिनं धाकट्या दिराच्या पायाला हात लावायचा? नाटक आठवायच्या आत मी टुणकन मागं उडी मारली, "अहो वहिनी, हे काय!" असं ओरडलो आणि मीच त्यांच्या पायावर आडवा झालो. बाकी सहाजणांना वाटलं, दिग्दर्शकानं ऐनवेळी बदल केला. तेही धपाधप लोटांगणात.

मागच्या रांगेतून हशा निघाला आणि पुढं सरकत आला. मी घोंगड्यातच मनाशी म्हटलं, संपलं! वहिनींचं पहिलं नाटक, तेच शेवटचं.

वहिनी हलल्या नाहीत. हशा ओसरेपर्यंत थांबल्या. मग वाकून माझा मुखवटा काढला आणि कधी नव्हे ते अरेतुरेवर येऊन म्हणाल्या, "वहिनी म्हणून पाया पडलास. आता राणी म्हणून पड."

मी पुन्हा डोकं टेकवलं. या खेपेला नाटक करायची गरजच पडली नाही. टाळ्या सुरू झाल्या, त्या पडदा पडला तरी चालूच.

दादा आत आला, वहिनींकडं बघतच राहिला. मग मंडळाच्या लोकांना म्हणाला, "पुढच्या नाटकात हिला घ्या. ह्याला मात्र पडद्यामागं ठेवा."

वहिनी मुकुट उतरवत होत्या. "ऱ्हाऊ द्या की त्यास्नी," त्या म्हणाल्या. "पाया पडायला कुणीतरी लागतंयच."