ठासणीच्या बंदुकीची बदली

ऐंशीच्या दशकात आम्ही पेनसिल्व्हेनियात राहत होतो. तिथे हरणांच्या शिकारीचा सीझन उघडला की शाळांना सुट्टी असे. नवरा नागपूरचा, मेकॅनिकल इंजिनिअर. आयुष्यात त्याने डासाशिवाय काही मारलेलं नव्हतं. तरी एका हिवाळ्यात त्याने टपालाने बंदुकीचा किट मागवला. नळी, लाकडी दस्ता, चाप, स्क्रू, सगळं सुटं. जोडलं की ठासणीची बंदूक होणार होती: पुढून दारू आणि गोळी ठासायची, मागे गारगोटीने ठिणगी पाडायची.

"टपालाने बंदूक? असं चालतं?" मी विचारलं.

"फेडरल कायद्यात ही बंदूकच नाही. जुन्या पद्धतीची आहे ना."

"मग काय आहे?"

"अँटीक," तो म्हणाला. खोका तेव्हा अजून उघडायचा होता.

हिवाळाभर जेवण झालं की तो बेसमेंटमध्ये जाई आणि दस्त्याला जवसाचं तेल चोळत बसे. त्या वासाने मला मळमळे, त्याला माहेरची चटणी आठवे. माहेर बायकांनाच असतं हा गैरसमज आहे. शेवटी बंदूक झाली आणि देखणी झाली. उडवली मात्र त्याने कधीच नाही. भीती वाटते असं न म्हणता "फिनिश खराब होईल" म्हणायचा.

मग त्याला न्यू जर्सीत नोकरी लागली. ग्रीन कार्डवरचा माणूस, कायद्याला फार जपणारा. नव्या गावच्या पोलिसांना त्याने फोन लावला, आणि मी स्वयंपाकघरातल्या फोनवरून ऐकत राहिले. पोलीस अधिकारी शांत होता. न्यू जर्सीत ही बंदूकच मानतात, म्हणाला. दोन राज्यांमधल्या डेलावेअर नदीच्या अलीकडे अँटीक, पलीकडे बंदूक. स्वतःची आहे आणि घर बदलताय, तर आणा. पण रिकामी, ट्रंकमध्ये कुलूपबंद, आणि थेट घरी. गरजेपुरतंच थांबायचं.

"वाटेत आयसेलिनच्या देशी दुकानात भाजी घ्यायला थांबलो तर?" नवऱ्याने विचारलं.

"कसली भाजी?"

नवऱ्याला दुधीचं इंग्रजी आठवेना. "लांब असते. हिरवी," तो म्हणाला.

मग अधिकारी म्हणाला, "सर, बंदूक आधी घरी न्या. भाजी नंतर."

निघालो त्या दिवशी नवरा लग्नाच्या वरातीतल्या घोड्यासारखा गाडी चालवत होता. मागून ट्रक हॉर्न देत होते. अर्ध्या वाटेत मी म्हटलं, "मला बाथरूमला जायचंय."

तो मैलभर विचार करत राहिला. "ते गरजेत बसतं," शेवटी म्हणाला, आणि मी आत गेले तेव्हा ट्रंकला पाठ लावून उभा राहिला. सगळ्या पार्किंग लॉटमध्ये तेवढा एकच माणूस संशयास्पद दिसत होता.

नव्या घरात आल्यावर त्याला त्या बंदुकीची धास्तीच बसली. कपाटात ठेवली, माळ्यावर ठेवली, परत कपाटात. मी म्हटलं, विकून टाक. तिथल्या मराठी मंडळातले एक हार्ट सर्जन लगेच तयार झाले. त्यांना ती फायरप्लेसवर दोन तलवारींच्या मध्ये लावायची होती. पण इथे विकत घेणाऱ्याला पोलिसांचं कार्ड लागतं. बोटांचे ठसे, चारित्र्याची हमी देणारे दोघं, आणि डोकं ठिकाणावर आहे ना याची चौकशी.

"यार, मी रोज लोकांची छाती उघडतो, तेव्हा कुणी विचारत नाही," सर्जन म्हणाले. शेवटच्या चौकशीबद्दल त्यांच्या बायकोने काहीतरी टोमणा मारला असावा, कारण आठवड्यात त्यांनी बेत कॅन्सल केला आणि तिथे मोराचं पेंटिंग लावलं.

शेवटी पेनसिल्व्हेनियातला आमचा जुना शेजारी आठवला. डेंटिस्ट होता, शिकारीचा नाद. तिथे ख्रिसमसनंतर एक वेगळा सीझन असतो, त्यात फक्त गारगोटीचीच बंदूक चालते. त्याला तशी हवीच होती. नवऱ्याने परत पोलिसांना विचारलं, परत ट्रंकला कुलूप लावलं, आणि आम्ही नदी ओलांडली.

डेंटिस्ट दारातच उभा होता. नवरा म्हणाला, "आधी ड्रायव्हर्स लायसन्स दाखव."

"पाच वर्षं तुझ्या शेजारी राहिलो. तुझी अक्कलदाढ मी काढली."

"म्हणूनच विचारतोय," नवरा म्हणाला. "अजून इथलाच रहिवासी आहेस ना?"

डेंटिस्टने निमूटपणे लायसन्स दाखवलं. त्याने बंदूक खांद्याला लावली तेव्हा नवऱ्याने तोंड फिरवलं. पुढे आमच्या मुलीची पाठवणी करतानासुद्धा तो एवढा हलला नाही.

वर्ष सरता सरता डेंटिस्टचा फोन आला. बंदूक उडाली होती. धूर एवढा झाला की काही दिसेना, आणि तो ओसरला तेव्हा हरीण तिथेच उभं होतं. त्याने डेंटिस्टकडे बघितलं आणि चालत निघून गेलं.

"पण उडाली?" नवऱ्याने तीनदा विचारलं.

मंडळाच्या संक्रांतीला तिळगूळ वाटता वाटता त्याने ही हकिकत सगळ्यांना सांगितली. हरीण वाचलं याचं श्रेय त्याने स्वतःच्या फिटिंगला दिलं, आणि सर्जनसाहेबांनी मान डोलावली.